मुक्त झालेला दात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चारशे-पाचशे माणसं, आणि सगळी ओठ मिटून बसलेली, कारण प्रत्येकाला आपापल्या दातांची लाज. व्यासपीठावर मोतीबाबा. पांढरे कपडे, पांढरी खुर्ची, आणि दात असे की पहिल्या रांगेतल्यांना डोळे बारीक करावे लागत होते. समोर काचेचं मोठं भांडं, त्यात गडद जांभळं पाणी.

"हा तुमच्या आतला काळिमा!" बाबा गरजले. "दात पिवळे का पडतात? खोटं बोलल्यानं. बोलते जीभ, शिक्षा भोगतात दात!"

"मग आमच्या ह्यांचे एव्हाना कोळसे व्हायला हवे होते," माझ्या शेजारची बाई पुटपुटली, पण हात जोडूनच.

बाबांनी सुरईतून 'चंद्रजल' ओतलं. भांडं फसफसलं आणि बघता बघता जांभळं पाणी नितळ झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! माझ्या लेकीनं माझा दंड गच्च धरला. "मम्मी, बघितलंस?"

बघितलं. आणि आणखीही एक गोष्ट बघितली. चंद्रजलाच्या वाट्या भरणाऱ्या सेवकांच्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. निवेदक सांगत होता, हा 'चंद्रस्पर्श', बाबांच्या कृपेची खूण. मी पार्लर चालवते हो, एकोणीस वर्षं. केसांचा रंग उडवायला जे पाणी लागतं, ते हातमोजे न घालता हाताळलं की माझीही बोटं अशीच पांढरी पडतात. तासाभरात परत नेहमीसारखी होतात. मी ते ओळखलं, अगदी त्याच क्षणी ओळखलं, आणि गप्प बसले.

का बसले, ते सांगते. माझी लेक अठरा वर्षांची. दात जरासे पिवळट, तेवढ्यावरून शाळेत कुणीतरी चिडवलेलं, तेव्हापासून हसताना तोंडावर हात ठेवते. एका मोठ्या दुकानात अत्तराच्या काउंटरवर हसतमुख मुलगी हवी होती आणि तिला मुलाखतीला बोलावलं होतं. त्या दिवशी सभागृहात ती हात न ठेवता हसली. मला वाटलं, जाऊ दे, केसांना चालतं ते दातांनाही चालत असेल.

तीन बैठका होत्या. प्रत्येक वेळी तासभर 'आ' वासून बसायचं, दातांवर चंद्रजलात भिजवलेला कापूस, आणि समोर तापलेला निळा दिवा, म्हणजे 'चंद्रज्योत'. बोलायचं नाही, ओठ मिटायचे नाहीत. उठून आरशात पाहिलं की दात पांढरेफेक! दोन दिवसांत रंग जरा उतरायचा. मग बाबा म्हणायचे, "श्रद्धा कमी पडली, पुन्हा या."

दुसऱ्या बैठकीनंतर लेकीला कळा सुरू झाल्या. खालच्या पुढच्या दातांतून वीज गेल्यासारखी कळ उठायची न् ती गाल धरून बसायची. नुसता वारा लागला तरी डोळ्यांत पाणी.

"बंद कर हे," मी म्हटलं.

"मम्मी, कळ म्हणजे काळिमा जाताना मारलेली लाथ. बाबांनी सांगितलंय. ती थांबली की दात मुक्त होतो."

तिसऱ्या बैठकीनंतर दोन दिवसांनी कळ खरंच थांबली. बाबांनी तिला व्यासपीठावर बोलावलं, हार घातला, आणि सगळं सभागृह ओरडलं, "मुक्त झाला! मुक्त झाला!" मीही टाळ्या वाजवल्या. या हातांनी वाजवल्या.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई पार्लरमध्ये केस कापून घ्यायला आल्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक, बोलायला फटकळ. मी कात्री चालवत होते, इतक्यात लेक सरबताचा ग्लास घेऊन आली. "काकू, गंमत बघा!" असं म्हणून तिनं बर्फाचा खडा खालच्या पुढच्या दातांनी कडाकडा चावला. "काहीच होत नाही! मागच्या आठवड्यात तर पाणीसुद्धा सोसत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा आरशात मला दिसत होता. तो उतरला.

"ऊठ. दवाखान्यात चल," त्या लेकीला म्हणाल्या.

"अहो, पण केस अर्धेच झालेत!"

"राहू देत."

वाटेत मी चंद्रजलाचं, दिव्याचं सगळं सांगितलं. अर्ध्या कापलेल्या केसांनिशी बाईंनी तिला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं आणि बर्फासारखा गार कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. वरचे दात ओरडले, म्हणजे लेक ओरडली. खालचे कडेचेही ओरडले. मधल्या दोघांना बोळा लावला. "लागलं?" "नाही." पुन्हा लावला. "नाही हो काकू, मुक्त झालेत ना ते."

"मुक्त कसले, डोंबल!" बाई कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळा, दात म्हणजे दगड नाही. आत मऊ गर असतो, त्यात नस, रक्त. दुखतं ते त्याला. दात पांढरा करायचं औषध वरच्या कवचातून झिरपतं आणि काही मिनिटांत त्या गरापर्यंत पोचतं. तुझ्या वयात गराची जागा मोठी, त्यातून खालचे पुढचे दात पातळ. एवढं कडक पाणी, वर तापलेला दिवा, आणि तोही तासभर! नस आधी ओरडली. कुणी ऐकलं नाही. मग ती गप्प झाली."

"मेली का हो?" मी विचारलं.

"मेली असेल, किंवा नुसती बधिर झाली असेल. काही आठवडे वाट बघू."

"तुम्ही नाही का करत पांढरे दात?" मी चिडूनच विचारलं. स्वतःवरचा राग माणूस असा दुसऱ्यावर काढतो.

"करते की. पण आधी कीड, चीर बघते, ती बुजवते. हिरड्या झाकते. सौम्य औषध, थोडाच वेळ, दिव्याची धग नाही. मध्ये दिवस जाऊ देते, शिणलेल्या दाताला आराम पडेल असं मलम लावते. आणि दुखलं की थांबते. हे शेवटचं तर फुकट आहे!"

पुढच्या रविवारी मी आणि डॉक्टरीणबाई सभागृहात गेलो. सकाळी मी मुद्दाम हातमोजे न घालता काम केलं होतं. जांभळं पाणी समोर आलं तशी मी व्यासपीठावर चढले आणि पांढरी बोटं वर केली.

"मलाही चंद्रस्पर्श झालाय!"

लोकांनी हात जोडले. बाबा हसले, त्यांना वाटलं भक्तीण आली. मी पिशवीतून पार्लरची बाटली काढली आणि त्यांच्या भांड्यात रिकामी केली. फसफसलं, निवळलं.

"बाबा, माझ्या केसांच्या पाण्याला कुठली हो सिद्धी?"

"अश्रद्धेच्या हाती..." बाबा त-त-प-प करू लागले.

"पाणी श्रद्धा बघून रंग बदलत नाही," डॉक्टरीणबाई खालूनच बोलल्या. "जांभळं पाणी म्हणजे जखम धुवायचे जांभळे खडे, आणि थोडं व्हिनेगर, वास घ्या. चंद्रजल म्हणजे हिच्या बाटलीतलंच पेरॉक्साइड. खड्यांचा रंग ते क्षणात घालवतं. तासभर 'आ' वासला की कुणाचाही दात सुकून जास्त पांढरा दिसतो, ओलावा परतला की उतरतो. आणि ज्यांचे दात 'मुक्त' झालेत त्यांनी उद्या माझ्या दवाखान्यात यावं. लवकर यावं."

हार घातलेले तिघे-चौघे तोंडावर हात ठेवून उभे राहिले. बाबांनी मागच्या दारानं काढता पाय घेतला. तरी जाताना एक बाई मला म्हणालीच, "काही म्हणा, पण दात पांढरे होतात ना?"

दर आठवड्याला तो गार बोळा. "लागलं?" "नाही." मुलाखतीची तारीख आली न् गेली, लेक गेलीच नाही. सहाव्या आठवड्यात बाईंनी डावीकडच्या दाताला बोळा लावला आणि लेक किंचाळली, "आई गं, दुखलं!" मी तिथेच रडू लागले. पोरीला दुखलं म्हणून आनंदानं रडणारी आई बाईंनीही पहिल्यांदाच पाहिली असेल. उजवीकडचा मात्र बोलला नाही. तो आता करडा पडत चाललाय. आतली मेलेली नस काढावी लागणार आहे. लेक पुन्हा तोंडावर हात ठेवून हसते.

म्हणून सांगते, दुखणं म्हणजे पाप नव्हे, कृपा नव्हे, शरीर हाक मारतंय एवढंच. ते थांबलं तर का थांबलं, ते जाणत्याला विचारा. आणि कुणीही काहीही तुमच्या तोंडात घालायला आलं, तर आधी एवढंच विचारा: बाटलीत काय आहे? मला तर विचारायचीही गरज नव्हती, मला ठाऊक होतं. त्या पाण्याला हात लावण्याआधी मी एकोणीस वर्षं हातमोजे घालत आलेय. आणि माझ्या पोरीला मी त्यासमोर तोंड उघडून बसू दिलं.