डाव्या पायाचा तोडा

मी एक जुना चांदीचा तोडा आहे, डाव्या पायातला, आणि स्वभावाने संशयी. मित्रांनो, याला मी काय करू? जन्मल्याबरोबर ज्याला चार गिऱ्हाइकांनी चावून पाहिलं, त्याने जगावर विश्वास तरी कसा ठेवायचा!

इजिप्तमधल्या केना गावच्या बाजारात शहाता सोनाराने मला आणि माझ्या जुळ्या भावाला घडवलं. इन्शिराहबाईंनी लग्नात आपल्या सुनेच्या, रौहियाच्या पायांत आम्हाला घातलं. ती चालली की गल्लीतल्या बायका खिडकीतून बघायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

मग रौहियाच्या मुलीचा, हनियाचा जन्म झाला आणि आठवड्याभरात रौहियाचा डावा पाय सुजून लाल झाला. माझी फिरकी रुतून बसली. दवाखान्यात नर्सने मला कापून काढलं. पायाच्या नसेत रक्ताची गाठ झाली होती. "वय लहान आहे म्हणून गाफील राहू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गाठ पुन्हा होऊ शकते. मला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घ्यायची नाही."

रक्त पातळ ठेवायची औषधं संपली. शहाताने मला डाख लावून सांधलं आणि मी पेटीत गेलो. बाळंतपणाचं दुखणं बाळंतपणाबरोबर गेलं, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मला मात्र ते कधीच पटलं नाही.

काही वर्षांनी सासूसुना मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघाल्या. सफागा बंदरापर्यंत बस, पुढे बोट. इन्शिराहबाईंनी शेजारणीकडून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या.

"घे. तिथे पोचून पाळी आली तर काबा लांबूनच बघत बसशील."

"याम्मा, डॉक्टरीणबाईंना विचारू का?" सासूला ती याम्मा, म्हणजे आई म्हणायची.

"अगं, हे काय औषध आहे? रमजानात रोजे चुकू नयेत म्हणून अख्खी गल्ली घेते!"

रौहियाने घेतल्या. निघायच्या सकाळी तिने आम्हाला पेटीतून काढलं. भाऊ उजव्या पायात झटकन बसला. माझी टोकं काही केल्या जुळेनात.

"त्या शहाताने सांधताना चांदी खाल्ली!" इन्शिराहबाई कडाडल्या. "बोटभर कापून घेतली मेल्याने. मला तेव्हाच शंका होती!"

"याम्मा, कालपासून पोटरीही दुखतेय."

इन्शिराहबाईंनी डोळे बारीक केले. "पोरी, यायचं नसेल तर तसं सांग. पायाला कशाला पुढे करतेस?"

खोटं कशाला बोलू, मलाही शहाताचाच संशय आला होता. रौहियाने मात्र आम्हा दोघांना काढलं आणि अदलाबदल केली. उजव्या पायात मी सुळकन बसलो, चांगला सैल. डाव्यात भाऊ अडला.

रौहियाने दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. "तोडा तोच आहे, याम्मा. पाय तो राहिला नाही."

बाहेर बसवाला भोंगा वाजवत होता. इन्शिराहबाई दारात गेल्या. "जा बाबा, आमच्या जागा दुसऱ्या कुणाला दे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषध चालू आहे?"

"नाही," रौहिया म्हणाली. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं.

मी तिच्या मुठीत होतो आणि माझा सगळा संशय आता इन्शिराहबाईंवर होता. त्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी झग्याच्या आतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर टाकलं.

"मी दिल्यात. माझ्या या हातांनी दिल्यात." आणि त्या ढसाढसा रडल्या.

अशा गोळ्यांनी रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गाठ पुन्हा झालीच होती, पण वेळेत सापडली. रौहिया वाचली. आता तिचं औषध डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावाचून थांबत नाही. इन्शिराहबाई मात्र अधूनमधून मला पेटीतून काढतात आणि सुनेच्या डाव्या पायाशी बसतात.

"याम्मा, परवाच तर बघितलंत!"

"गप बस. माझा माझ्यावरच विश्वास नाही."

मित्रांनो, एकच पाय सुजला, दुखू लागला, दागिना एकाच पायात रुतू लागला, तर सोनाराला शिव्या देत बसू नका. आधी दवाखाना गाठा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा अख्खी गल्ली घेते ती गोळीसुद्धा सांगा.

माझी टोकं आता नीट जुळतात. तरी फिरकी बसेपर्यंत या घरात कुणी श्वास सोडत नाही, मीसुद्धा.