धुक्यातला अप्पर

डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघालेली गाडी पूल ओलांडून धुक्यात शिरली, तसा लेकीने हेडलाइटचा अप्पर लावला. तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळी बाबांच्या हातून धुतलेल्या कपड्यांवर चहा लवंडला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डोळे फुटलेत का तुमचे?" बसच्या स्टिअरिंगवर उभा जन्म काढलेले बाबा शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते.

आता तर रस्ताच दिसेना. तिने वैतागून गाडी जवळजवळ थांबवली.

"अप्पर लावलास ना?" बाबांनी विचारलं. "टक् झालेलं ऐकलं मी. काय दिसतंय?"

"काय दिसणार, कपाळ! नुसतं पांढरं. समोर भिंत उभी केल्यासारखं."

"मला रोज तसंच दिसतं गं," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतोय. डिपरवर घे. थोडंच दिसेल, पण दिसेल."

तिने दिवा खाली घेतला. भिंत विरली आणि रस्त्याच्या कडेची पट्टी हळूहळू उमटली.

"दिसलं?"

"हो, बाबा."

"मग मलाही सांग की."

गाडी सावकाश पुढे काढत ती सांगू लागली, "डाव्या हाताला पट्टी आहे, बाबा. पुढे तारेचं कुंपण. त्यावर एक कावळा बसलाय, भिजलेला..."