कमळाबाईंच्या कनवटीतला मोबाईल

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना मोबाईल आहे. माझ्या पाठीचं झाकण आता रबराने बांधून ठेवलंय आणि बटणांवरचे आकडे पुसत चाललेत. मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते भोरच्या बाजारपेठेतलं दुकान, आणि मला काचेच्या कपाटातून बाहेर काढून घेणारा रोहिदास.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. रोहिदास शिरवळकडे एका कंपनीत कामाला होता. त्याचे आईवडील, कमळाबाई आणि सावळाराम, पासली गावाच्या वर डोंगरातल्या एका वाडीत शेळ्या राखून राहत. दोघंही साठीच्या पुढचे. वाडीत वीज नव्हती. पावसाळ्यात तर कोणी आजारी पडलं तरी खाली निरोप जायला अर्धा दिवस लागे. म्हणून रोहिदासने मला वाडीवर आणलं.

पण त्याला परतीची एसटी गाठायची होती. उभ्या उभ्याच त्याने आईला शिकवायला घेतलं. "आई, दोनचं बटण दाबून धर, मला फोन लागतो. हिरवं घ्यायचं, लाल बंद करायचं. कळलं?"

"दोन म्हंजी कंचं रं?" कमळाबाईंनी विचारलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या.

"अगं हे! किती वेळा सांगायचं? एवढं सोपं तर हाय."

कमळाबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. रोहिदास गेला आणि त्यांनी मला फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवलं. सावळाराम मला अधूनमधून खाली पासलीत नेऊन चार्जिंग करून आणत, पण मी वाजलो की त्या दचकत. लांबूनच माझ्याकडे बघत आणि मी गप्प होईपर्यंत श्वास रोखून बसत. सावळाराम म्हणत, "म्हातारपणी ह्यो खेळ कशापाई? कायतरी मोडून ठिवशील." मलाही धास्ती वाटे. ज्या दिवशी खरंच माझी गरज पडेल, त्या दिवशी ही माउली मला हात तरी लावेल का?

मग एकदा इमामबी आल्या. त्या भोरच्या. बांगड्यांची टोपली घेऊन वाड्यावस्त्या फिरत. कमळाबाईंच्याच वयाच्या. मडक्यात वाजणारा आवाज ऐकून त्या हसल्या.

"अगं, मोबाईल मडक्यात कशाला?"

"भ्या वाटतं बया. माझ्या हातनं इघडला तर?"

"मलाबी वाटायचं. माझ्या सुनंनं, मेहनाजनं, शिकिवलं मला. लई दीस लागले. बस हितं."

इमामबींनी त्या दिवशी पुढच्या वाडीला जायचं रद्द केलं. टोपलीतून लाल टिकली काढून त्यांनी माझ्या दोनाच्या बटणावर चिकटवली. "आकडा जाऊ दे. टिकली वळखती न्हवं? ती दाबून धर, ल्योक बोलंल." कमळाबाईंचं बोट टिकलीपर्यंत जाऊन मागे येई. इमामबींनी ते आपल्या हातात धरलं नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या. चुकून लाल बटण दाबून धरलं गेलं आणि मी विझलो, तेव्हा कमळाबाई जवळजवळ रडल्याच.

"मेला का गं त्यो?"

"कशाला मरतोय? तेच बटन धरून ठिव, परत जागा हुतोय. चुकलं तर मोडत न्हाई, कमळे. घाबरली तर जरा थांब, मग दाब."

मग दोघी वरच्या खिंडीत गेल्या, कारण वाडीत नुसती घंटी वाजे, बोलण्याइतकी रेंज तिथेच मिळे. तिथून कमळाबाईंनी पहिल्यांदा फोनवर लेकाचा आवाज ऐकला. तेव्हापासून मी मडक्यातून त्यांच्या कमरेच्या कनवटीत आलो. खाली पासलीत मानसिंग जीपवाल्याच्या घरी मला चार्जिंगला ठेवत, तेव्हा त्या माझ्याजवळून हलत नसत.

भादव्यातल्या एका दुपारी शेळ्या एकट्याच वाडीवर परतल्या. धुकं दाट होतं. वाडीतली माणसं खाली भातात गेली होती. कमळाबाई हाका मारत रानात गेल्या. शेवाळलेल्या कातळाखाली सावळाराम पडले होते. पाय वाकडा झाला होता, डोक्यातून रक्त येत होतं. कमळाबाईंनी पदर फाडून डोकं बांधलं आणि त्या खिंडीकडे चढू लागल्या. मी कनवटीत त्यांच्या काळजाचे ठोके ऐकत होतो. माझ्यात चार्जिंग अगदी थोडं उरलं होतं आणि हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.

खिंडीत त्यांनी मला बाहेर काढलं. हात ओले होते. घाईत टिकलीऐवजी लाल बटण दाबून धरलं गेलं आणि मी विझलो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले, हात लुगड्याला पुसला आणि तेच बटण धरून ठेवलं. मी जागा झालो. त्यांनी टिकली दाबून धरली.

"हॅलो, आई?"

"रोहिदास! बा पडलं रं—"

रेंज गेली. आवाज तुटला. कमळाबाई मला दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मी वाजलो. या वेळी त्या दचकल्या नाहीत. हिरवं बटण दाबून म्हणाल्या, "खिंडीखाली, मोठ्या कातळापाशी हाईत. पाय मोडलाय. मानसिंगला धाड." एवढं बोलणं झालं आणि माझं चार्जिंग संपलं.

पुढचं मला काही कळलं नाही, मित्रांनो. माणसं आली का? वेळेवर आली का? त्या अंधारात मला विचारताही येत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा मी दवाखान्यातल्या एका खाटेजवळ चार्जरच्या वायरीने भिंतीला लटकत होतो. पहिला आवाज आला तो सावळारामांचा. "ह्यो पेटला बघ गं." त्यांच्या पायाला प्लास्टर होतं. मानसिंग आणि चौघांनी घोंगड्याची झोळी करून त्यांना खाली आणलं होतं. सावळारामांनी माझ्या टिकलीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मलाबी शिकीव की."

त्यानंतर दोन वर्षांनी रोहिदास रंगीत पडद्याचा नवा मोबाईल घेऊन वाडीवर आला. माझी बॅटरी फुगली होती, मला निरोप द्यायची वेळ झाली होती. त्याने खोका उघडायला घेतला, तेव्हा कमळाबाईंनी विचारलं, "एसटी किती वाजता हाय तुझी?"

"चारची."

"मग ठिव त्यो पिशवीत. ज्या दिशी मुक्कामाला येशील, त्या दिशी आण."

रोहिदासने खोका मिटून पिशवीत ठेवला. मग त्याने चपला काढून आत ठेवल्या आणि त्या दिवशीची एसटी सोडून दिली.

मित्रांनो, मी आता कोनाड्यात असतो. तुमच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस माझ्यासारख्या वस्तूला हात लावायला घाबरत असेल. त्याच्या हातात नुसती वस्तू देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा. त्याने पुन्हा विचारलं, तर पहिल्यांदाच विचारतंय असं समजून सांगा.