चहाबरोबरची गोळी

सामान हलवणाऱ्या त्या टोळीत सकाळी चहा यायचा आणि चहाबरोबर दुखण्याची गोळी यायची. मुकादम बडीशेप वाटावी तशी बरणी फिरवायचा. "दुखायच्या आधीच घ्या रे, म्हणजे दुखत नाही!" बरणीभर गोळ्या त्याला परवडत होत्या. जिन्यावर एक माणूस जास्त लावणं परवडत नव्हतं. बैलाला पेंड, यांना गोळी. बैलाची निदान कोणीतरी काळजी करतं.

टोळीतल्या दोघा भावांपैकी धाकट्याचं लक्ष थोरल्याच्या हाताकडे लागलेलं. आज दादाने दोन उचलल्या.

गेल्या वर्षी दादाच्या हृदयात स्टेंट टाकला होता. टोळीत हे फक्त धाकट्याला ठाऊक. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दुखण्याच्या गोळ्या मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. अंगात पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, हृदयावर भार येतो." दादाने नंदीबैलासारखी मान डोलावली होती.

"दादा, एक तरी परत ठेव."

"गुडघ्याची गोळी आहे ती. गुडघा कुठे, छाती कुठे! डॉक्टर कधी झालास तू?"

"पाय बघ स्वतःचे. सुजून बुटाची नाडी बांधता येत नाही तुला."

"मग सुटी सोडतो. तू तेवढं तोंड बांधून ठेव. मुकादमाला कळलं तर घरी बसवेल, आणि घरी बसून तुझ्या वहिनीचं ऐकण्यापेक्षा कपाट उचललेलं बरं."

धाकट्याला हसू आलं नाही.

कपाट होतं तीन दारांचं, न्यायचं होतं चौथ्या मजल्यावर. खालच्या टोकाला भार जास्त, म्हणून तिथे दादाच, थोरलेपणाचा हट्ट. मध्ये कपाट आलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. त्यासाठी टोळीची रीत होती: वरच्याने "घे" म्हणायचं, खालच्याने "घेतलं" म्हणायचं, मगच पुढची पायरी.

"घे."

"घेतलं."

दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक चाललं. मग "घेतलं"चं नुसतं "हं" झालं. कपाटापलीकडून श्वास ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा.

"घे."

उत्तर नाही.

"दादा! अरे, घे!"

कपाट अजून तोललेलं होतं, म्हणजे दादा उभा होता. पण किती वेळ? त्याने सोडलं तर कपाट त्याच्याच उरावर. धाकट्याने कपाटाला बांधलेला पट्टा मनगटाला गुंडाळला, कपाट कठड्यावर रेटलं आणि हाका मारून जिना दणाणून सोडला. माणसं धावली. दादा भिंतीला टेकून पायरीवर बसला होता, ओठ काळेनिळे, डोळे विस्फारलेले. बुडणाऱ्या माणसासारखा तो हवा गिळत होता.

दवाखान्यात त्याला खाटेवर बसतं ठेवलं आणि ऑक्सिजनचा मास्क लावला. मुकादमही मागोमाग आला होता. काळजीने नव्हे, धास्तीने.

"दुखण्याच्या कुठल्या गोळ्या घेता का?" तरुण डॉक्टरने विचारलं.

दादाने मान हलवली. नाही.

"छे हो डॉक्टर," मुकादम मध्येच बोलला, "आमच्या माणसांना कसलंही व्यसन नाही."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादाचे डोळे त्याला दटावत होते. तोंड उघडलं तर दोघांचंही काम जाणार. मिटलं तर डॉक्टर अंधारात चाचपडणार, आणि दादा कदाचित...

"खोटं बोलतोय दादा. रोज घेतो," धाकटा म्हणाला. "आज दोन घेतल्या. ह्या मुकादमाने वाटल्या. आणि दादाच्या हृदयात स्टेंट आहे."

मुकादम ताडकन उडाला. "स्टेंट? आणि मला पत्ता नाही? दोघंही उद्यापासून येऊ नका!"

"तुम्ही आधी बाहेर व्हा," डॉक्टर त्याला म्हणाला आणि धाकट्याकडे वळला. "कुठली गोळी? नाव आठवतं?"

धाकट्याला नाव ठाऊक होतं. रोज बरणीवर वाचायचा तो, आणि रोज मूग गिळून बसायचा. त्याने ते सांगितलं. डॉक्टरने नर्सला भराभर काहीतरी आणायला पाठवलं. "हृदय दमलंय, फुप्फुसांत पाणी भरलंय. आत्ताच काही सांगता येणार नाही."

दादाने मास्क ओढून खाली घेतला. "पोटावर पाय दिलास माझ्या."

"दिला," धाकटा म्हणाला, आणि त्याचा हात धरून मास्क पुन्हा तोंडावर दाबला. "आता गप श्वास घे."

दादाने हात झटकायला पाहिलं. झटकण्याइतकंही बळ त्याच्यात नव्हतं.