अकरा दिवसांची हजेरी

हजेरीपट माझ्या ताब्यात आला तो मी कुणालाच ओळखत नव्हते म्हणून. शेफालीदीने तसं तोंडावरच सांगितलं, "हिचा इथे ना काका ना मामा. ही कुणाची भीड धरणार नाही." शेफालीदी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला आणि कर्मचारी संघटनेची सचिव. बाबांची फोर्ट विल्यमला बदली झाली म्हणून मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून कोलकात्यात आले, त्यामुळे ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. मला उलट मान वाटला. मी आहेच तशी. आधी हो म्हणते आणि मग काम काय ते विचारते.

संप पेन्शनसाठी होता. नियम असा की कायम नोकरीची दहा वर्षं भरली तरच पेन्शन. त्याआधीची रोजंदारीची वर्षं धरायचीच नाहीत, मग ती पंचवीस का असेनात. माणूस ऐन उमेदीत झाडू हातात घेतो, पन्नाशीत कायम होतो आणि साठीला हात हलवत घरी जातो. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. आम्ही दीडदोनशे मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि कर्मचाऱ्यांसोबत मंडप टाकून ठाण मांडलं. घरी बाबा म्हणाले, "आपण बदलीची माणसं, आभा. दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नये." आईने मात्र दुसऱ्या दिवशी डबा भरून दडपे पोहे दिले. मंडपात सगळ्यांना ते कच्चे पोहे वाटले आणि तरीही डबा चाटूनपुसून परत आला.

मागच्या संपात प्रशासनाने काही लोकांना बोलावून मागच्या तारखांच्या सह्या घेतल्या होत्या आणि संप फसल्याचं जाहीर केलं होतं. या वेळी आम्ही हजेरीची खोलीच ताब्यात घेतली. हजेरीपट पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. रोज साडेनऊला मी तो उघडून टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी पाचला त्या तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारून पुन्हा कुलूपबंद करायची. बाबा लष्कराच्या ऑडिटला, त्यामुळे हजेरीपटाचं महत्त्व मला लहानपणापासून पाठ. "सही आहे म्हणजे माणूस हजर आहे," ते म्हणायचे. "ऑडिटला माणूस दिसत नाही, सही दिसते."

संपाच्या पहिल्याच सकाळी पेटी उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात एक सही दिसली. सगळ्यात खाली, शेवटच्या नावाच्याही खाली, जिथे नावच नव्हतं त्या ओळीत. वेडीवाकडी, वाचता न येणारी. शेजारी पांढरट अंगठ्याचा डाग. बोट लावून बघितलं तर खडूची भुकटी होती. कुलूप जसंच्या तसं होतं.

मी घाबरले नाही, चिडले. कुणाकडे तरी दुसरी किल्ली आहे, हे उघड होतं. शेफालीदीला सांगायला निघालेही, पण मग वाटलं, पहिल्याच दिवशी रडत गेले तर ती काय म्हणेल? चोर पकडूनच तिच्यापुढे उभा करू. दुपारी नवं कुलूप आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सही, पुन्हा खडू.

इकडे वर्ग क्रमांक चौदाचं वेगळंच चाललं होतं. माझ्या वर्गातला सौरभ रोज संध्याकाळी तिथल्या फळ्यावर मोठ्या बंगाली अक्षरांत घोषणा लिहायचा, 'रोजंदारीची वर्षं मोजा!' आणि रोज सकाळी फळा लख्ख पुसलेला. नुसता पुसलेला नाही, ओल्या फडक्याने कोपरे काढून. फळ्याखालच्या पट्टीवर दोन खडू, एक अख्खा आणि एक बरोबर मधोमध मोडलेला. डस्टर खिडकीच्या बाहेर झटकलेला.

"कुणीतरी दलाल आहे आपल्यात," सौरभ म्हणाला.

मला कळलं होतं. फळा पुसणारा आणि सही करणारा एकच. संपाच्या काळात चोरून काम करणारा, साहेबांच्या मर्जीतला, बाकीच्यांच्या पोटावर पाय देणारा. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की आईने ऐकल्या असत्या तर जेवण बंद केलं असतं. रविवारी तरी येणार नाही म्हटलं, तर रविवारीही सही होती. असला निष्ठावंत!

आणि त्याची बायकोही मला सापडली. फिकट निळी साडी, काळी छत्री, गळ्यात बारीकशी सोन्याची साखळी. मंडपाच्या कडेला एकटी बसायची. मी हजेरीपट उघडून ठेवला की बरोबर पाच मिनिटांनी खोलीच्या दाराशी यायची आणि हिंदीत विचारायची, "आज सही आहे?"

"आहे," मी दातओठ खात म्हणायची.

ती मान हलवायची, मोजल्यासारखं एक बोट मिटायची आणि निघून जायची. नवरा चोरून कामावर येतो की नाही ते तपासायला बायको येते, काय ही कमाल! एकदा मी मुद्दाम विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?" ती म्हणाली, "कामावर." इतक्या सरळपणे म्हणाली की मलाच ओशाळल्यासारखं झालं, आणि म्हणून मी आणखीच चिडले.

एक गोष्ट मात्र मला जाणवायची आणि मी ती झटकून टाकायची. पेटी उघडताना आतली हवा गार लागायची. आणि सहीची शाई रोज ओली असायची. मी बोट फिरवलं की ती पसरायची, जणू माझ्या आधी कुणीतरी नुकतंच पेन खाली ठेवलं आहे.

दहाव्या संध्याकाळी माझा संयम सुटला. मी त्या दिवसाची उभी रेघ मारली, आणि मग पट्टी आडवी धरून त्या बिननावाच्या ओळीवर महिनाअखेरपर्यंत सलग लाल रेघ ओढली. आता कर सही, म्हटलं. कुलूप लावताना मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना बालीगंजच्या कोपऱ्यावर थांबून मी दोन एग रोल खाल्ले.

अकराव्या सकाळी पेटी उघडली. लाल रेघ होती, सही नव्हती. रेघेच्या वर मात्र पांढरे डाग होते, एक नाही, वीसबावीस. कुणीतरी त्या चौकोनाभोवती अंगठा पुन्हापुन्हा टेकवला होता, अंधारात कडी चाचपडावी तसा.

पाच मिनिटांनी ती दारात आली. "आज सही आहे?"

"नाही!" मी जिंकल्यासारखी म्हणाले. "मी रेघ मारून ठेवली. आता जागाच नाही."

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. रडली नाही. छत्री मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "एकच राहिली होती."

तेवढ्यात शेफालीदी चहा घेऊन आली. तिला उंबऱ्यावर बसलेली पाहून शेफालीदीने कप टेबलावर ठेवले आणि तिच्या खांद्याला धरलं. "सरलादी, काय झालं?" मग माझ्याकडे वळली. "ह्या निताई मंडलच्या मिसेस. निताईदा चौदा नंबरचा शिपाई. फळे पुसायचा, खडू ठेवायचा. सव्वीस वर्षं रोजंदारी, मग कायम. साठ पूर्ण झाले तेव्हा दहा वर्षांना अकरा दिवस कमी पडले. त्याच्यासाठीच तर मी संपाचा पहिला कागद लिहिला."

"ते आहेत कुठे?" मी विचारलं.

"अगं, संपाच्या आदल्या दिवशी गेला. आम्हीच पोचवून आलो. तू हिच्या हाताकडे पाहिलं नाहीस?"

मी पाहिलं. सरला मंडलच्या दोन्ही मनगटांत काही नव्हतं. इथली सवाष्ण शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालते, हे दोन वर्षांत दर दुसऱ्या बाईच्या हातात मी पाहिलं होतं. पण आपण बघतो गळा. गळ्यात साखळी दिसली आणि मी तिचा नवरा जिवंत धरून टाकला. मंडपातल्या कुठल्याही मुलीला पहिल्या दिवशी कळलं असतं ते मला अकराव्या दिवशी कळलं.

मी हजेरीपट शेफालीदीपुढे सरकवला. तिने सह्या पाहिल्या, खाली वाकून खडूचा वास घेतला. टेबलावरचा चहा तसाच थंड झाला.

"जायच्या आधी म्हणाले होते," सरला म्हणाली. "अकरा दिवसच ना, भरून टाकतो. माझ्यासाठी काही ठेवलं नाही त्यांनी, म्हणून. घरी आले नाहीत एकदाही. इथेच येतात."

मला ब्लेडने ती रेघ खरवडून काढायची होती. ब्लेड हातात घेतलंही. पण ऑडिटवाल्याची मुलगी मी, मी बाबांना फोन लावला. कुणाची रेघ, कसली रेघ ते सांगितलं नाही. हजेरीपटावर चूक झाली, एवढंच म्हणाले.

"खरवडू नकोस," बाबा म्हणाले. "एक जागा खरवडली की आधीच्या सगळ्या सह्या संशयात जातात. चूक खोडायची नसते, बाळा. चुकीच्या शेजारी लिहायचं, चूक माझी, आणि खाली स्वतःची सही आणि तारीख. मग ऑडिट काही म्हणत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सही करशील? मग ते तुझ्या नावावर राहील."

मी केली. 'या ओळीवरील आडवी रेघ माझ्या चुकीने मारली गेली. रद्द समजावी. आभा.' खाली तारीख. पेन खाली ठेवलं आणि मी कुणाला तरी मोठ्याने म्हणाले, "काका, माफ करा. मला माहीत नव्हतं." खोलीत कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी सौरभला मी फळ्यावर लिहू दिलं नाही, कारण सांगता आलं नाही तरी.

बाराव्या सकाळी मी पेटीला हात लावायच्या आधी चौदा नंबरमधून आवाज आला. डस्टर खिडकीच्या चौकटीवर आपटण्याचा, ठप, ठप, ठप. मी, सरला आणि शेफालीदी, तिघीही तिकडे पाहत उभ्या राहिलो. खिडकीतून पांढरी भुकटी उन्हात बाहेर आली आणि खाली बसली. आवाज थांबल्यावर मी कुलूप काढलं. लाल रेघेवरूनच सही होती, आधीच्या दहांपेक्षा ठळक.

"अकरा," सरला म्हणाली.

दुपारी कुलसचिवांचा माणूस दोन पोलीस घेऊन हजेरीपट मागायला आला. मी पेटीवर बसून राहिले असते, पण शेफालीदी म्हणाली, "दे. घेऊन जाऊ दे." असं ती का म्हणाली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सूचनाफलकावर कुलसचिवांच्या सहीशिक्क्याचं पत्रक लागलं. संप पूर्ण फसला आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुरावा म्हणून हेही की एक निष्ठावान कर्मचारी सलग सेवेत हजर राहिला, त्याची स्वाक्षरी कार्यालयातील नमुन्याशी जुळते, अकरा दिवसांची सेवा विद्यापीठास मान्य आहे आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीनेही ती साक्षांकित केली आहे. नाव, निताई मंडल. नमुना जुळवणाऱ्याने फाईलचं शेवटचं, निवृत्तीच्या नोंदीचं पान उलटायचे कष्ट घेतले नव्हते.

मंडपात माझ्यावर ओरडाआरडा झाला. सौरभने मला दलाल म्हटलं. दहा दिवस मी तोच शब्द वापरला होता, आणि तोही कुणाला!

सरलाने फलकावरून पत्रक काढलं, चारही टाचण्या जपून परत लावल्या आणि कागदाची घडी पदरात बांधली. ऊन कडक होतं. तिने छत्री उघडली, स्वतःच्या डोक्यावर नाही, थोडी डावीकडे कलती. "चला आता," ती हळूच म्हणाली. मग ती फाटकाकडे निघाली, अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत, शेजारी कुणी सावकाश चालत असावं तशा चालीने.

संप अजून चालू आहे. सौरभने पुन्हा फळ्यावर लिहायला सुरुवात केली. तीन दिवस झाले, तीच अक्षरं तिथे आहेत, थोडी धूळ बसलेली. मी रोज सकाळी चौदा नंबरमध्ये डोकावते. पट्टीवर खडू नसतो. डस्टर आहे तिथेच आहे. मला तो उचलता येत नाही, संपात दुसऱ्याचं काम करायचं नसतं.