व्यापाऱ्यांसाठी केलेला बाक

मी बाक बोलतोय. सागवानाचा नाही, शिसवीचा तर नाहीच. साध्या पांढऱ्या देवदाराचा. हैदराबादच्या एका कस्टम कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून असतो.

माझी फळी परदेशातून आली, खोक्याच्या रूपानं. त्या वर्षांत देशाची दारं उघडली होती. बाहेरचा माल इतका येऊ लागला की कागदांचे गठ्ठे छताला लागले. मग दिल्लीहून ठरलं, आता माल सोडवायचं काम संगणकावर. संगणक आले आणि त्यांची खोकी चहावाल्याच्या चुलीत जायची वेळ आली. तेव्हा कचेरीचे प्रमुख यशवंतराव साहेब म्हणाले, "हा प्रोग्राम व्यापाऱ्यांना विचारून करायचाय. ज्यांना विचारायचं त्यांना उभं कसं ठेवणार? बसायला काहीतरी करा."

त्याआधी व्यापारी खिडकीबाहेर उभा असायचा. गजातून कागद आत, गजातून कागद बाहेर. म्हणून सुतारानं त्याच खोक्यांतून मला घडवलं. माझ्या पोटाखाली अजून छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र आहे. म्हणजे ओलं करू नका, जपून उचला. मला मात्र सगळे ओढूनच नेतात.

बैठक दर गुरुवारी, आतल्या संगणकाच्या खोलीत. पहिल्या गुरुवारी मला तिथे नेऊन ठेवलं, पण कुणी बसेचना. मोईनभाई, आखाती देशांतून खजूर आणि अत्तर मागवणारे, हात बांधून उभे. साहेब म्हणाले, "अहो बसा की."

"साब के सामने बैठने की आदत नईं ना," मोईनभाई म्हणाले, "घुटने ऐतबार नईं करते."

त्यांना हाताला धरून बसवलं ते एकनाथरावांनी. एकनाथराव क्लिअरिंग एजंट. लोकांचा माल कस्टममधून सोडवून द्यायचा हा त्यांचा धंदा. घर सुलतान बाजारात, कपाळाला गंध, गुरुवारचा दत्ताचा उपास. त्यामुळे बैठकीतला समोसा ते नेहमी मोईनभाईंकडे सरकवायचे. "तुमच्या पुण्यानं मी जाडा होरा," मोईनभाई म्हणायचे.

समोर संगणकाशी श्रीकांत, प्रोग्राम लिहिणारा. दिलसुखनगरच्या क्लासात शिकून आलेला. एकनाथरावांना काका म्हणायचा. मराठी बोलायचा झकास, पण वाचताना अडखळायचा.

हळूहळू तोंडं उघडली. कुठला कागद दोनदा मागता, कुठल्या टेबलावर माल अडतो, सगळं बाहेर आलं. मोईनभाईंनी एक गोष्ट हट्टानं करून घेतली. काही लोक मालाच्या किमतीची जागा कोरी सोडायचे आणि मागाहून कारकुनांशी संगनमत करून भरायचे. सरळ धंदा करणारा मागे राहायचा. "खाना खाली रहा, या ज़ीरो डाले, तो मशीन आगेच नक्को जाना." श्रीकांतनं तसं केलं, रकाना कोरा किंवा शून्य असला की यंत्र तिथेच थांबणार. सगळे खूश झाले. मलाही बरं वाटलं.

मग सरावाची वेळ आली. श्रीकांत म्हणाला, "काका, आता खोट्या नोंदी द्या. काय काय येतं ते सगळं सांगा. चांगलं, फुटकं, जळकं, कुणी न सोडवलेलं. वाईटात वाईट."

एकनाथरावांनी आधी हळद सांगितली. मग सुपारी, मग खोबरं. नव्या कामाची सुरुवात शुभच हवी. पुढे यंत्रं, औषधं, कापड. पण जळक्याफुटक्याचं नाव काढेनात.

"काका, वाईट राहिलं."

"नको रे बाबा. वास्तू तथास्तु म्हणते."

"हौ," मोईनभाईंनी मान हलवली, "नया काम है. मनहूस बातां नक्को."

बाकीचे व्यापारीही गप्प. श्रीकांत हसला. "माझी आईपण हेच म्हणते," म्हणाला आणि पुढे गेला. तोही त्याच मातीचा.

दसऱ्याला संगणकाला झेंडूची माळ घातली आणि काम सुरू झालं. गोदाम दुसऱ्या खात्याचं होतं. त्यांना वरून हुकूम आला, यापुढे हातानं लिहिलेला कागद चालायचा नाही, यंत्राचा कागद दिसला तरच माल बाहेर. माल झरझर सुटू लागला. व्यापारी साहेबांना पेढे देऊन गेले. माझ्यावर कुणी फार वेळ बसेना, याचंच मला कौतुक होतं.

पुढचा श्रावण आला. सोमवार होता. एकनाथराव एका बाईंना घेऊन आले. कुसुमताई, त्यांच्या शेजारच्या. मुलगा सुमित आखातात एसी दुरुस्तीला गेला होता. तिकडे छपरावरून पडला. त्याला ठेवलेली पेटी सकाळच्या विमानानं येऊन गोदामात होती.

"वहिनी, तुम्ही इथे बसा. कागद घेतला की निघू."

त्या उजव्या टोकाला बसल्या. फार हलक्या. शेजारी एका माणसाची जागा सोडली होती आणि तिच्यावर हात ठेवला होता, गाडीत कुणासाठी जागा धरतात तसा.

श्रीकांतनं बोटं चालवली. नाव घातलं. विमान घातलं. मग बोटं थांबली. यंत्र किंमत विचारत होतं. कोरं सोडलं, पुढे जाईना. शून्य घातलं, तरी जाईना. साहेबांनी हातानं चिठ्ठी लिहून गोदामात पाठवली. चिठ्ठी परत आली. घरी सगळे खोळंबलेले, दिवस मावळायच्या आत स्मशानात पोचायचं होतं.

श्रीकांत अगदी खाली आवाजात म्हणाला, "काका, एक रुपया घालू? जाईल पुढे."

एकनाथरावांनी वळून कुसुमताईंकडे पाहिलं.

"काय अडलंय भावजी?" कुसुमताईंनी विचारलं.

"काही नाही वहिनी, यंत्र जरा..."

"सांगा मला. आता मी कशाला भिऊ?"

त्यांनी सांगितलं. कुसुमताईंचा जागेवरचा हात तेवढा माझ्या फळीवर घट्ट झाला.

"रुपया नका घालू. लाखही नका घालू," त्या म्हणाल्या. "विचारूच नये, असं नाही का करता येत?"

"येतं, मावशी," श्रीकांत म्हणाला. "पण तशी जागाच आम्ही ठेवली नाही."

"मीच ठेवू दिली नाही वहिनी. म्हटलं, अशुभ नको बोलायला."

कुसुमताईंनी मान वर केली. "मी तरी काय वेगळं केलं? सोळा सोमवार धरले. माझा सुमित परत येऊ दे म्हटलं. सुखरूप हा शब्द घातला नाही. तो घातला असता तर दुसरा शब्द मनात आला असता ना भावजी. देवानं ऐकलं, बघा. परत आलाय."

मोईनभाई आपल्या खजुराच्या कागदासाठी दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते न सांगता येऊन माझ्या डाव्या टोकाला बसले. एकनाथराव त्यांच्याजवळ बसले. मधली जागा कुणी घेतली नाही.

"बेटा, जनाज़ा लिख," मोईनभाई म्हणाले. "हमारे मोहल्ले में भी आते. मालूम था मेरे कू. ज़बान पे नईं लाया."

"अस्थी लिही," एकनाथराव म्हणाले. "परदेशातून अस्थी येतात. मेलेल्या माणसाचे कपडे येतात. त्याची पेटी, त्याचं घड्याळ."

ते सांगत गेले, श्रीकांत लिहीत गेला. मध्ये त्यानं दोनदा डोळे पुसले. ज्या गोष्टी कुणी तोंडातून काढल्या नव्हत्या, त्या कुसुमताईंसमोर एकेक करून बाहेर आल्या. त्या ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, "लहान मूलही लिहा."

उन्हं तिरपी झाली तेव्हा कागद खरखरत बाहेर आला. किमतीच्या जागी काही नव्हतं आणि यंत्रानं विचारलंही नव्हतं. दिवस असतानाच गाडी फाटकातून गेली.

तेराव्यानंतर साहेबांनी कुसुमताईंना गुरुवारच्या बैठकीला बोलावलं. "मी काही व्यापार करत नाही," त्या म्हणाल्या. तरी आल्या. त्याच टोकाला बसल्या. पेटी कुठे ठेवलीय ते आईला आधी सांगा, म्हणाल्या. आणि जिथून मालाचे ट्रक हॉर्न मारत जातात तिथून पेटी बाहेर काढू नका. दोन्ही झालं.

त्याला आता वर्षं लोटली. ते संगणक भंगारात गेले, श्रीकांतचे केस पांढरे झाले. कागद घरबसल्या सुटतात. असं कुणी आलंच तर गाडी थेट आत येते. तिच्यातली आई खाली उतरते न उतरते तोच फाटक उघडतं. माझ्यावर बसायची पाळी तिच्यावर येत नाही, म्हणून मी रोज हात जोडले असते, हात असते तर.

एवढंच आहे, की सांज झाली, कचेरी रिकामी झाली, की माझी फळी हळूच खाली जाते. टोकाला नाही, टोकाच्या शेजारी, कुसुमताईंचा हात होता तिथे. तरण्या माणसाचं ओझं असतं. सुमित माझ्यावर कधी बसला नव्हता, तरी मला ते ओळखू येतं. मी भीत नाही. कुरकुरतही नाही, खिळे ढिले झालेत तरी.

तुम्ही कधी इकडे आलात तर खुशाल टेका. पाय दुखत असतील. आणि मनात जे बोलू नये असं वाटतं, ते बोलायला कुणी विचारण्याची वाट पाहू नका. फक्त बसताना जरा सरकून बसा. ती जागा धरलेली आहे.