ज्या मोत्यात खिडकी दिसते

दर रविवारी सकाळी टोकियोहून फोन यायचा आणि यासुएचा आवाज बदलायचा. एरवी तो कोरडा, कामापुरता असे. फोनवर मात्र ती विचारायची, "कानाएचान, वेळेवर जेवतेस ना? कानाएचान, थंडी फार आहे का गं तिकडे?" 'चान' हे लाडाचं शेपूट यासुएच्या तोंडून दुसऱ्या कुणाच्याच नावाला लागत नसे, पोटच्या मुलांच्याही नाही. थोरली सून चिझुरु भांडी विसळता विसळता ते ऐकायची आणि नळ थोडा मोठा सोडायची.

चिझुरु या घरात आली तेव्हा पंचविशीत होती, आता पन्नाशी उलटली होती. या सगळ्या काळात तिला फक्त 'चिझुरु' म्हटलं गेलं होतं. चिझुरु, भात कच्चा राहिलाय. चिझुरु, दार. कानाएचं तर धाकट्या दिराशी लग्नही अजून व्हायचं होतं. ते डिसेंबरात होतं.

"तिला आई नाही," नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी यासुए म्हणाली. "मोत्यांचा सर मी देणार. तू बरोबर ये."

सर आईनं द्यायचा असतो. पांढरा, एकेरी. मुलगी तो लग्नकार्यात घालते आणि अंत्यविधीलाही घालते. अंत्यविधीला दुहेरी सर कुणी घालत नाही, दुःख दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून. चिझुरुलाही तिच्या आईनं एक दिला होता. कोबेतल्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी नागाता भागातलं त्यांचं तेव्हाचं भाड्याचं घर आगीत गेलं, त्यात तो गेला. सोनं वितळून का होईना, सापडतं. मोती जळून राख होतात आणि राखेत राख मिसळते. त्या वसंतात काळे कपडे घालून जाण्याचे प्रसंग इतके आले की चिझुरुनं सुपरमार्केटमधून काचेच्या मोत्यांचा एक सर घेतला. तेव्हापासून तोच तिच्या गळ्यात होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही असं ती धरून चालली होती.

"मी कशाला?" ती म्हणाली. "आयुष्यभर मोती तुम्ही निवडलेत."

"सध्या डोळे कुणाचे चालतात?"

हे खरं होतं. यासुए कोबेच्या निर्यातदारांकडे मोती निवडायला बसायची. टेबलावर पांढरं कापड, समोर उत्तरेची खिडकी, आणि ढिगातून सारख्या रंगाचे, सारख्या तेजाचे मोती वेगळे काढायचे. तिनं वेगळा काढलेला मोती पुन्हा तपासत नसत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला सगळं जग चहात बुडवल्यासारखं दिसायचं. शस्त्रक्रियेची तारीख जानेवारीतली मिळाली होती आणि लग्न त्याआधी होतं.

"दुकानदार इनुईसानना सरळ सांगितलं तर काय होईल?" चिझुरुनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत कितानोच्या उतारावरच्या मोत्यांच्या प्रत्येक दुकानात बोभाटा होईल. यासुएचे डोळे गेले म्हणून. सांगायचं नाही."

मग तिनं खणातून जुने सुटे मोती काढून चिझुरुच्या तळहातावर ठेवले आणि तिला खिडकीकडे पाठ करून उभं केलं.

"काय दिसतं मोत्यात?"

"मी दिसते."

"स्वतःचं तोंड काय बघतेस? तुझ्यामागं खिडकी आहे, ती बघ. चौकट सरळ दिसते? मधली आडवी पट्टी दिसते?"

"या एकात दिसते. दुसऱ्यात नुसता उजेड आहे."

"तेच ते. जिथं खिडकीचा कोपरा सुरीनं कापल्यासारखा दिसेल, तो खरा पाणीदार मोती. गोलाई, खड्डे, भोकं, ते माझी बोटं बघतील. पाणी तू बघायचंस. मी एकेक सर हातात धरीन, तू माझ्या मागं उभी राहा. सगळ्यात चांगला हातात आला की माझी शाल सारखी कर. बस्स."

चिझुरु हो म्हणाली. त्या रात्री तिनं काचेचा सर काढून मोत्यात खिडकी दिसते का ते पाहिलं. दिव्याच्या उजेडात काही कळलं नाही.

इनुईचं दुकान उताराच्या वरच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होतं. तारुण्यात तो यासुएच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मोती निवडायला शिकला होता. पुढे त्यानं स्वतःचा व्यवसाय काढला तरी तिच्यासमोर तो धाकटाच राहिला होता.

"यासुएसान, अजून आहात तुम्ही?"

"तुझ्या आधी जायचं नाही असं ठरवलंय. तू किती जाड झालास?"

"बघितलंत ना? नजर तशीच आहे तुमची!"

यासुए हसली. तिला फक्त त्याचा आवाज जास्त खालून आणि धापा टाकत आल्यासारखा वाटला होता. चिझुरुनं तिला कोपराला धरून खुर्चीवर बसवलं आणि मागं उभी राहिली.

"किमतीच्या चिठ्ठ्या काढून आण," यासुए म्हणाली. "मला मोत्यांशी बोलायचंय, तुझ्याशी नाही."

इनुईनं पांढऱ्या कापडावर तीन सर मांडले. उत्तरेच्या खिडकीतून डोंगराचा हिरवट उजेड येत होता. चिझुरु वाकली. डाव्या सराचा रंग पांढरा होता आणि पांढऱ्याखाली कुठेतरी गुलाबी होतं. त्यातल्या प्रत्येक मोत्यात एक लहानशी खिडकी होती, चौकटीसकट, पट्टीसकट. मधला सर दुधाळ होता, सायीच्या रंगाचा. त्यातही खिडकी होती, पण बाहेर धुकं असावं तशी. उजव्यातले मोती सगळ्यात मोठे, पांढरेफेक, आणि त्यांत काहीच नव्हतं. चुन्याच्या गोळ्या ठेवल्यासारखे ते नुसते होते.

अवघड काहीच नव्हतं. शाळेतल्या मुलालाही डावा दिसला असता.

यासुएनं डावा सर उचलला. बोटांतून एकेक मोती फिरवला, कापडावर गडगडवला, नखानं चाचपला. चिझुरुला डिसेंबरातलं लग्न दिसलं. कानाएच्या गळ्यात हा सर, त्यातल्या लहान लहान खिडक्या, आणि यासुए सगळ्यांना सांगतेय, माझ्या कानाएचानला मी दिला. शेजारी आपण, काच घालून. तिनं हात बाजूलाच ठेवले.

यासुएनं मधला उचलला. चिझुरुनं मनाशी म्हटलं, हासुद्धा चांगलाच आहे. टोकियोत कुणाला काय कळणार? तिनं शाल सारखी केली.

"हा," यासुए म्हणाली. उजव्याला तिनं हातही लावला नाही.

इनुईनं एकदा डाव्या सराकडे पाहिलं. मग म्हणाला, "छान. फार छान निवड केलीत, यासुएसान."

"हा हिचा," यासुएनं अंगठ्यानं खांद्यामागं दाखवलं. "थोरल्या सुनेचा. डबीत घाल. आता त्याच्या खालोखालचा बघू, कानाएचानसाठी."

चिझुरुचा हात अजून शालीवर होता. तो तिनं काढून घेतला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही हे बरं झालं.

कापडावर दोन सर उरले होते. यासुएचा हात चाचपडत उजव्याकडे गेला. तिनं तो उचलून गडगडवायला घेतला. चिझुरुला सगळं एका क्षणात कळलं. आता शाल सारखी केली की चुन्याच्या गोळ्या कानाएच्या गळ्यात जातील आणि दोघींत आपलाच सर वरचढ ठरेल. यासुए जानेवारीपर्यंत काही पाहू शकणार नव्हती. चिझुरुचा हात वर गेलाही.

तेवढ्यात तिचं लक्ष इनुईकडे गेलं. तो यासुएकडे पाहत नव्हता. त्यानं मान खाली घातली होती आणि कापडाची एक सुरकुती बोटानं नीट करत होता. मयताच्या घरी भेटायला आलेला माणूस असाच कुठेतरी दुसरीकडे पाहतो. यासुएनं हा सर निवडला असता तर संध्याकाळपर्यंत उतारावर काय बोललं गेलं असतं, ते चिझुरुला त्याच्या मानेवरून कळलं. तिनं हात खाली घेतला. यासुएनं उजवा ठेवला, डावा उचलला, आणि चिझुरुनं शाल सारखी केली.

इनुईनं मान वर केली. एकदा शालीकडे पाहिलं, एकदा चिझुरुकडे. मग त्यानं मधला सर पुन्हा डबीतून काढला, चिझुरुच्या गळ्यात घातला आणि आरसा पुढे सरकवला.

"आता कळलं," तो मोठ्यानं म्हणाला. "तुम्ही गळा बघून रंग निवडलात. यांच्या कांतीवर सायीचाच रंग खुलतो. मी आपला नुसता सर बघत बसलो."

"मग? शिकवलं काय होतं तुला?" यासुए म्हणाली.

आरशातला सर खरंच वाईट दिसत नव्हता. पण चिझुरुची नजर कापडाकडे जात होती. तिथं कानाएच्या गळ्यात जाणाऱ्या सगळ्या खिडक्या एका ओळीत उजळल्या होत्या.

यासुए चिझुरुचा हात धरून उतार उतरली. बसथांब्यावर बाकावर बसल्यावर तिनं पिशवी मांडीवर घेतली. आत दोन सारख्या निळ्या डब्या होत्या.

"इनुई मला 'फार छान' म्हणाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी बसलो आम्ही. मी पांढरा म्हटलं की तो पिवळा म्हणायचा. डोळे फुटले का तुमचे, असं तोंडावर विचारायचा. आज फार छान."

चिझुरु बसच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिली.

"कुठला होता चांगला?"

"डावा."

"म्हणजे कानाएला दिला तो."

"हो."

"पहिल्यांदा तो हातात होता तेव्हा शाल तशीच राहिली."

"हो, आई."

एक बस आली, ती त्यांची नव्हती. दार उघडलं, मिटलं.

"काच टोचत नाही का गं मानेला?" यासुएनं विचारलं.

चिझुरुनं मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मोती निवडून पोरं वाढवली मी. पहिल्याच दिवशी दिसलं, शेजारच्या ओबाटाआजोबांच्या अंत्यविधीला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर आईचा सर जळला, हे तुला तोंडानं सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तू होऊन सांगशील. तू सांगितलं नाहीस. मग राहूनच गेलं." ती पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होती. "सगळ्यात चांगला मी तुझ्यासाठी ठरवला होता. तो कुठला, ते ठरवायचं तुझ्यावर होतं. ते तू ठरवलंस."

चिझुरुला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला फक्त ती डाव्या सराची डबी हवी होती. कानाएनं ती अजून पाहिलीही नव्हती, तरी ती तिची झाली होती, आणि ते सहन होत नव्हतं.

"डब्या सारख्याच आहेत," यासुए म्हणाली. "बघ बाई. पिशवी माझ्याकडे द्या म्हणालीस तर देते."

"द्या," चिझुरु म्हणाली.

लग्नात चिझुरुच्या गळ्यात खिडक्यांचा सर होता आणि कानाएच्या गळ्यात सायीचा. पाहुण्यांपैकी कुणालाच फरक कळला नाही. कानाए गोरी, उंच, हसरी. तिच्यावर काहीही शोभलं असतं. "ताई, तुमचा किती सुंदर आहे!" ती म्हणाली, आणि चिझुरुनं "तुझासुद्धा" म्हटलं. समारंभभर यासुए कानाएचान, कानाएचान करत होती. सर बदलून त्यात काही फरक पडला नव्हता. चिझुरु तो चाचपत राहिली, आणि मोती गार ते गारच वाटले.

जानेवारीत यासुएच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर पहिल्या रविवारी कानाए टोकियोहून आली, स्ट्रॉबेरीची पेटी आणि यासुएनं फोनवर सांगितल्याप्रमाणे आपला सर घेऊन. यासुए दिवाणखान्यात खिडकीसमोर बसली होती आणि एकेक वस्तू नव्यानं ओळखत होती. चहाचा पेला निळा आहे हे तिनं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

"दोघी आपापले सर घेऊन या," ती म्हणाली.

चिझुरुनं आपला आणून दिला. यासुएनं तो खिडकीसमोर धरला. डावा डोळा मिटला. बराच वेळ गेला. चिझुरुला यासुएच्या मांडीवरच्या त्या निळ्या डब्या आठवल्या.

"आहे," यासुए म्हणाली. "चौकटीसकट आहे. नशीब. चोरायचं तर चांगलंच चोरावं."

"चोरायचं म्हणजे?" कानाएनं हसून विचारलं.

"आमचं आपसातलं. तुझा दाखव, कानाएचान."

कानाएनं दिला. यासुएनं तोही खिडकीसमोर धरला, पण अगदी क्षणभर, आणि लगेच परत दिला.

"छान," ती म्हणाली. "फार छान. तुझ्या कांतीवर हाच रंग खुलतो."

कानाए खूश झाली. तिनं तिथल्या तिथे सर गळ्यात घालून पाहिला, आई, खरंच, खरंच का म्हणत. चिझुरु दारात उभी होती. इनुईचा आवाज तिच्या कानात जसाच्या तसा आला. आपल्याला या घरात 'फार छान' कधीच कुणी म्हटलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं.

"आणि चिझुरु, तू उभी काय राहिलीस?" यासुए खिडकीकडे पाहत ओरडली. "या काचा कधीपासून पुसल्या नाहीस? माणसानं बघायचं तरी कशातून?"

चिझुरु स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं वरच्या काचेपासून सुरुवात केली.

"कोपरे राहिले," खालून आवाज आला.

"दिसतात मला," चिझुरु म्हणाली, आणि कोपरे पुसले.